चुकांची वही

ऐंशीच्या दशकात नांदेडात किंवा लातुरात ‘पोरगा फिजिक्सला लागलाय’ असं कोणी सांगितलं, की पुढचं विचारावं लागत नसे. एमएस्सी झालाय, कुठल्यातरी कॉलेजात शिकवतोय आणि भौतिकशास्त्राच्या नावानं जे काही करायचं ते सगळं एकटाच करतोय, एवढं त्यात आलं. तासाला तोच उभा राहायचा. नोट्स तोच काढायचा, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलच्या शाईनं हात तोच काळे करून घ्यायचा. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी अडून बसलेलं गॅल्व्हानोमीटर तोच उघडायचा, लेक्लांशे सेलमध्ये नवसागराचं पाणी तोच भरायचा. चाचणीचा पेपर तोच काढायचा आणि रात्री जेवणानंतर लाल शाईचा पेन घेऊन तपासायलाही तोच बसायचा.

आज त्या एका माणसाच्या कामातून अनेक व्यवसाय उभे राहिले आहेत. क्लासमध्ये शिकवणारी फॅकल्टी वेगळी. प्रश्नपेढीसाठी प्रश्न काढणारा वेगळा, त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर लिहिणारा वेगळा. डाउट काउंटरला संध्याकाळभर बसणारी मॅडम वेगळी. व्हिडिओची संहिता लिहिणारा, ॲनिमेशन करणारा, मॉड्यूलची अक्षरजुळणी तपासणारा, हे सगळे वेगळे. लातुरात उद्योग भवनाच्या आसपासच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरकडे संध्याकाळी चक्कर मारली, तर ज्यांच्या घरची चूल भौतिकशास्त्रावर पेटते अशी कितीतरी तरुण माणसं भेटतात. आमच्या वेळी हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मी या दोन्ही काळांत काम केलं. आधी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून चाचण्यांसाठी प्रश्न व स्पष्टीकरणं लिहितो. त्यामुळे जुनं सगळं सोनं आणि नवा सगळा बाजार असं मला म्हणता येत नाही. पण तेव्हाची एक गोष्ट आता हातून निसटते आहे, आणि ती धरून ठेवणं शक्य आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मी शिकलो ते नांदेडात. पीपल्स कॉलेज १९५० सालचं. नरहर कुरुंदकर तिथं शिकवत होते, पुढे प्राचार्य झाले, आणि त्यांच्यामुळे त्या गावात शिकवणाऱ्या माणसाकडे लोक आदरानं पाहत. नांदेडला तेव्हा विद्यापीठ नव्हतं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं ते १९९४ मध्ये. आम्ही एमएस्सीला औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठात गेलो आणि परत आलो ते लातुरात नोकरीला.

वर्गातली पोरं औशाची, निलंग्याची, अहमदपूरची, उदगीरची. दहावीपर्यंतचं विज्ञान मराठीत शिकून आलेली. अकरावीत पुस्तक एकदम इंग्रजी. जडत्व नीट समजलेलं पोरगं इनर्शियापाशी अडायचं, आणि आपल्याला विज्ञानच जमत नाही असं समजून मागच्या बाकावर सरकायचं. मग आमच्या पिढीच्या शिक्षकांनी एक बोली घडवली. सूत्र इंग्रजीत, समजावणं मराठीत, उदाहरण शेतातलं. घर्षण शिकवताना बैलगाडीची धाव, टॉर्क शिकवताना आडावरचा रहाट, बाष्पीभवनाला उन्हाळ्यातला रांजण. नांदेडचे शिक्षक स्थितिज ऊर्जेला थेट विष्णुपुरीच्या उपसा सिंचनाचे पंप घ्यायचे, कारण गोदावरीचं पाणी वर चढवताना अर्ध्या वर्गानं पाहिलेलं असायचं. ही बोली कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती तासाला जन्मायची आणि घंटा झाली की संपायची.

आमच्या आधीच्या पिढीचा अनुभव तर आणखी निराळा. हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि तिथं उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू ठेवलं गेलं. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतराचं एक स्वतंत्र सरकारी खातं उघडलं होतं. पगारावर नेमलेले विद्वान तिथं बसून इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणायचे, पारिभाषिक शब्द घडवायचे, आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र सगळं होतं. म्हणजे शिकवण्याचं साहित्य तयार करणं हा पोट भरण्याचा रीतसर पेशा या प्रदेशाला शंभर वर्षांपासून माहीत आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं आणि पुढे माध्यम बदललं. आजोबा उर्दूत शिकले, बाप मराठीत आणि नातू इंग्रजीत, अशी घरं मराठवाड्यात आहेत. प्रत्येक वेळी मधला पूल बांधला तो वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकानं.

पुस्तकांची तेव्हा चणचण होती. रेझनिक-हॅलिडेची एखादी प्रत ग्रंथालयात असायची, तीही कपाटात. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पुस्तकं मात्र प्रदर्शनात स्वस्तात मिळायची. इरोडोव्हचा गणितांचा संग्रह मी असाच घेतला आणि त्यातल्या एकेका गणितावर आम्ही दोघं-तिघं शिक्षक रविवार घालवायचो. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि ती पुस्तकं हळूहळू दिसेनाशी झाली. त्याच सुमारास, १९९२ मध्ये, एच. सी. वर्मांचं ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ आलं. भारतीय शिक्षकानं भारतीय मुलांसाठी लिहिलेलं, प्रश्नांतून विचार करायला लावणारं पुस्तक. आमच्यासाठी तो सणच होता.

याच काळात लातूर पॅटर्न नावारूपाला आला. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. त्याचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे, जे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी जे केलं त्यात जादू नव्हती, कष्ट होते. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उजळणी पुन्हा पुन्हा करायची, चाचण्यांमागून चाचण्या घ्यायच्या आणि तपासलेला पेपर वेळेत पोराच्या हातात द्यायचा. मेडिकल-इंजिनीअरिंगचे प्रवेश तेव्हा बारावी बोर्डाच्या गुणांवर व्हायचे. गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली आणि कधी नकाशावरही न सापडणाऱ्या गावाकडे राज्यभरातून पालक पोरं घेऊन येऊ लागले.

लोकांना त्या पॅटर्नमधलं घोकणं तेवढं दिसलं. मला आठवतं ते तपासणं. आमच्यातले एक ज्येष्ठ सर पेपर तपासताना शेजारी एक दोनशे पानी वही ठेवायचे. गुण उत्तरपत्रिकेवर, चुका वहीत. प्रकरणवार. कुठल्या प्रश्नाला पोरांनी काय चुकीचं लिहिलं आणि तसं लिहिताना त्यांच्या मनात काय असावं, याची नोंद. चेंडू सरळ वर फेकला, सर्वात उंच जागी त्याचं त्वरण किती? दर वर्षी वर्गातली हुशार मुलंसुद्धा शून्य लिहायची. सर त्या पोराला उभं करायचे. ‘का रे लेकरा, चेंडू वर जाऊन क्षणभर थांबला हे खरं. पण म्हणून पृथ्वीनं त्याला ओढायचं सोडलं का? सोडलं असतं तर तो खाली आला असता का?’ पोरगं गप्प व्हायचं, मग हसायचं. वेग शून्य झाला तरी त्वरण ९.८ च राहतं, हे त्याला आयुष्यभर विसरणं शक्य नसायचं. विजेचा दिवा विद्युतधारा खाऊन टाकतो, म्हणून दिव्याच्या पुढे धारा कमी होते, हीही दरवर्षीची चूक. गती ज्या दिशेला, बल त्याच दिशेला, ही तिसरी. सर म्हणायचे, बरोबर उत्तर पुस्तकात छापलेलं असतं, चुकीचं उत्तर फक्त आपल्याला माहीत असतं. त्यांचं बघून मीही अशी वही ठेवायला लागलो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागातलं कुणी विसरणार नाही. किल्लारीचा भूकंप, तीव्रता ६.२, जवळपास दहा हजार माणसं गेली. कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा वर्गात घरदार गमावलेली मुलं होती. त्यांनी विचारलं, सर, हा दगडाचा मुलूख तर पक्का म्हणायचे, मग हललाच कसा? अभ्यासक्रमात तेव्हा दुसरंच प्रकरण चालू होतं. ते बाजूला ठेवून आम्ही लहरी शिकवल्या. खडकातून पुढे धावणारी प्राथमिक लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते, मागून येणारी दुय्यम लहर साधारण साडेतीन. किल्लारीहून चाळीसेक किलोमीटरवरच्या लातुरात दोन्हींमध्ये पाचेक सेकंदांचं अंतर पडतं. ‘आधी गडगड ऐकू आली, मग घर हललं’ असं जे ती मुलं सांगत होती, त्याचा हिशेब फळ्यावर उतरला. दुःख त्यानं कमी झालं नाही. पण जे घडलं ते कुणाच्या कोपानं घडलेलं नाही, हे त्यांना कळलं. त्या आठवड्यात आम्ही जे शिकवलं त्याला आजच्या भाषेत कंटेंट म्हणतात. तो लिहून ठेवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

मग परीक्षा बदलल्या. नव्वदचं दशक संपता संपता राज्याची सीईटी आली, २०१३ मध्ये पहिली नीट झाली आणि २०१६ पासून तीच कायम झाली. सात-आठ ओळींत उत्तर लिहिण्याची जागा चार पर्यायांनी घेतली. नीटमध्ये भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न, ७२० पैकी १८० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. १८० प्रश्नांना १८० मिनिटं. मुलं जीवशास्त्रात बरोबरीनं असतात, त्यामुळे डॉक्टर कोण होणार हे बऱ्याचदा फिजिक्स ठरवतं. म्हणूनच फिजिक्स शिकवणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं मोल वाढलं.

पुस्तकांची चणचणही संपली. नीटचा पाया मानली जाणारी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची भौतिकशास्त्राची पुस्तकं २००६-०७ मध्ये नव्यानं लिहिली गेली. विज्ञान-गणिताच्या पुस्तकांसाठीच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचे मुख्य सल्लागार पुण्याचे ए. डब्ल्यू. जोशी. देगलूरची मुलगी आज जे पुस्तक ओळ न् ओळ वाचते, त्यामागे आपल्याच राज्यातल्या माणसांचे कष्ट आहेत. मुंबईत १९७४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान कसं शिकवावं आणि मुलं ते कसं चुकीचं समजतात, यावर तिथं संशोधन होतं. ऑलिम्पियाडची तयारीही तिथंच होते. नांदेड-लातूरच्या फिजिक्सच्या पोरांनी शिकवण्यापलीकडची वाट शोधायची तर ही एक मोठी वाट आहे आणि तिकडे आपली मुलं फार थोडी वळतात.

आजच्या काळानं जे दिलं ते मी मनापासून मानतो. किनवट-माहूरच्या तांड्यावरच्या मुलाला मोबाइलवर चांगल्यातल्या चांगल्या शिक्षकाचा तास दिसतो. लातूरला खोली करून राहायची ऐपत नाही म्हणून त्याचं शिक्षण थांबत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची आभासी प्रयोगसाधनं मोफत आहेत, त्यातली कित्येक मराठीतही आहेत. मंडल जोडून दिव्याच्या दोन्ही बाजूंना धारा सारखीच आहे, हे पोरगं स्वतः बघू शकतं. आणि चाचणी झाली की संध्याकाळी संगणक सांगतो, या प्रश्नाला इतक्या मुलांनी दुसरा पर्याय निवडला. सरांना वहीत जे एका वर्गापुरतं दिसायचं, ते आज हजारो मुलांचं एकत्र दिसतं. हे फार मोठं साधन आहे.

पैशाचंही सांगितलं पाहिजे. आमच्या काळात विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षं बिनपगारी काढलेले शिक्षक मी पाहिले आहेत. पण अनुदान आलं की आयुष्य मार्गी लागायचं. आज एमएस्सी-बीएड झालेली मुलं पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसतात, नेट-सेट झालेली मुलं तासिका तत्त्वावर महिनोन्‌महिने मानधनाची वाट बघतात. अशांना प्रश्नलेखनानं हात दिला. लहान मूल घरी असलेली एखादी एमएस्सी झालेली आई रात्री स्पष्टीकरणं लिहून घराला हातभार लावते, हे मी जवळून बघतो. मात्र हे काम नगावर मोजलं जातं. ना नियुक्तिपत्र, ना भविष्यनिर्वाह निधी, आणि पुस्तकावर नावही नाही. ज्यांच्या लेखणीवर एवढे निकाल उभे आहेत, त्यांना नाव आणि करार मिळायलाच हवा.

प्रयोगशाळेचं दुःख सर्वात मोठं आहे. आमच्या वेळी पोरगं नव्व्याण्णव सेंटिमीटरचा दोरा कापून लंबक टांगायचं आणि त्याचा एक झोका दोन सेकंदांचा भरतो हे स्वतः मोजायचं. वीज गेलेली असली तरी लेक्लांशे सेलवर मीटर ब्रिज चालायचा. हात लागले की शंका निघायच्या. आज बोर्डाचे तीस गुण प्रात्यक्षिकाला आहेत, नीटच्या अभ्यासक्रमातही प्रायोगिक कौशल्यांचा घटक आला आहे, तरी व्हर्नियर कॅलिपर बोटांत न धरता त्याचे प्रश्न पाठ करणारी मुलं मला रोज भेटतात. शून्यत्रुटी अधिक का वजा, याचं सूत्र त्यांना येतं. जबडे मिटवून शून्य कुठं आलं ते बघितलेलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट ती, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. बहुपर्यायी प्रश्नाचा जीव त्याच्या चुकीच्या पर्यायांत असतो. तीन चुकीचे पर्याय असे हवेत, की ज्या वाटेनं मूल चुकतं त्या वाटेच्या टोकाला ते उभे असतील. चेंडूच्या प्रश्नात शून्य हा पर्याय नसेल, तर तो प्रश्न काहीच तपासत नाही. हे पर्याय सुचायला मुलं कुठं चुकतात हे ठाऊक पाहिजे आणि ते ठाऊक व्हायला त्यांच्यासमोर उभं राहिलं पाहिजे, त्यांच्या हातचं लिखाण वाचलं पाहिजे. आज कित्येक तरुण लेखक-लेखिका कधीही वर्गात न जाता प्रश्न लिहितात, कारण त्यांना तशी संधीच दिली जात नाही. मग जुन्या प्रश्नांतले आकडे बदलले जातात. इकडे शिकवणाऱ्या फॅकल्टीला मोठ्या बॅचमुळे एकही वही बघायला मिळत नाही. संगणक सांगतो मुलं कुठं चुकली. का चुकली हे सांगायला पोराशी बोलणारा माणूसच लागतो.

या दोन कामांची गाठ पुन्हा बांधणं अवघड नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिल्या गाडीतून दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत मी वर्गात गणित घातलं होतं. हे पाणी दहा मीटर उंचीच्या टाकीत चढवायला वीज किती लागेल? पाच लाख किलोग्रॅम, गुणिले ९.८, गुणिले दहा. पंपातला अपव्यय सोडला तर उत्तर येतं साडेतेरा युनिटच्या आसपास. मुलांचा विश्वास बसेना. घागर घेऊन रांगेत उभं राहून आलेली ती मुलं होती. विजेचा तुटवडा नव्हता, तुटवडा पाण्याचाच होता, हे त्यांनी स्वतः काढलं. काहींचं उत्तर हजारपटीनं चुकलं, कारण युनिट म्हणजे किलोवॉट-तास हे ठाऊक असूनही त्याचे जूल करताना ते ‘किलो’ विसरले होते. ती चूक माझ्या वहीत गेली आणि निवृत्तीनंतर प्रश्न लिहिताना पर्याय म्हणून कामी आली. वर्गातलं गणित, पोराची चूक आणि छापलेला प्रश्न, हे तिन्ही एका माणसाच्या हातून गेले की असं होतं.

म्हणून क्लासचालकांना आणि प्रकाशकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. प्रश्न लिहिणाऱ्याला आठवड्यातून दोन तास वर्गात पाठवा, त्या दोन तासांचेही पैसे द्या. शिकवणाऱ्याला महिन्यातून एक गठ्ठा हाताने लिहिलेल्या उत्तरांचा तपासू द्या. नांदेडच्या विद्यापीठानं एमएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्राचं शिक्षणसाहित्य तयार करण्याचा एक अभ्यासक्रम द्यावा, ज्यात प्रयोग मांडणं, प्रश्न घडवणं आणि मराठीत सोपं लिहिणं शिकवलं जाईल. त्या मुलांच्या हाताला इथंच, आपल्या गावात काम आहे.

आणि माझ्या बरोबरीच्या निवृत्त शिक्षकांना सांगायचं आहे ते असं. सर, मॅडम, आपल्या वह्या माळ्यावरून काढा. रहाट, रांजण, विष्णुपुरीचे पंप आणि दरवर्षी येणाऱ्या त्या चुका नव्या पोरांना बसवून सांगा, त्यांना लिहून घेऊ द्या. मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्या अकरावीच्या मुलासाठी असं एकही मनाजोगतं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही, आणि ते मुंबई-पुण्यात बसून लिहिता येणार नाही. ते नांदेड-लातूरनंच लिहायला हवं, कारण एवढ्या मुलांच्या एवढ्या चुका आपण स्वतःच्या हातानं तपासल्या आहेत.